बेटावरच्या रिसॉर्टमधला व्हिला घ्यावा का? मांडवीतला प्रकल्प, सल्ला हवा आहे

पैलतीर | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. बत्तीस वर्षं नोकरी करून गेल्या मार्चमध्ये निवृत्त झालो. मुलगा बंगळुरात असतो, सून आणि नातवंडं वर्षातून दोनदा येतात. राहतं घर चांगलं आहे, गरज म्हणून दुसरं घर नको आहे. तरी गेले दोन महिने एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मांडवी नदीतल्या एका बेटावर रिसॉर्टच्या धर्तीचा प्रकल्प उभा राहतो आहे. बेटाचं आणि बिल्डरचं नाव लिहीत नाही, मला फक्त माझा निर्णय घ्यायचा आहे. फेरीबोटीने पलीकडे उतरलं की धक्क्यावर त्यांची बॅटरीवर चालणारी गाडी न्यायला येते. एकूण अठरा व्हिला, मध्ये क्लबहाउस, रेस्टॉरंट, स्पा. प्रत्येक व्हिला तीन बेडरूमचा, २६०० चौरस फूट, पुढे स्वतःचा छोटा पोहण्याचा तलाव. किंमत साडेतीन कोटी. वर्षातले ३० दिवस आपण राहायचं, बाकीचे दिवस त्यांची कंपनी पाहुण्यांना भाड्याने देणार. पहिली ३ वर्षं किमतीच्या ८ टक्के उत्पन्नाची खात्री, असं पत्रकात छापलं आहे.

नमुन्याचा व्हिला पाहिला. व्हरांड्यात उभं राहिलं की समोर पाणी, खारफुटी आणि पलीकडे दिवाडी बेटाची टेकडी. आमचं कुलदैवत नार्व्याचा सप्तकोटेश्वर. त्याचं मूळ स्थान दिवाडीवर. तिथलं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदी ओलांडून आजच्या जागी आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवून घेतलं. वडील सांगायचे, आपली मुळं त्या पाण्यापलीकडची. ते जाऊन अकरा वर्षं झाली. व्हरांड्यातून ती टेकडी दिसली आणि मी तिथेच मनाने होकार देऊन बसलो.

पैशांची जुळवाजुळव अशी: फोंड्यातला एक गाळा विकायचा, निवृत्तीची रक्कम घालायची आणि ८० लाखांचं कर्ज मुलाला सहकर्जदार करून काढायचं. नाव नोंदवण्यासाठी ५ लाखांचा चेक दिला आहे. महिनाअखेरीस करार करायचा आहे. पत्नीचा विरोध नाही, पण ती गप्प आहे, आणि तिचं गप्प बसणं मला कळतं.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

---

खाजनवाट | शनिवार, रात्री १०:०२

काका, मी मांडवीतल्याच चोडण बेटावरचा. जन्म इथलाच, आजही इथेच राहतो, पणजीला नोकरीला रोज फेरीबोटीने जातो.

बेटावर राहण्याचं सुख मी तुम्हाला नाकारणार नाही. पहाटे सलीम अली अभयारण्याच्या बाजूने बगळ्यांचे थवे उठतात तेव्हा कामावर जायचं मन होत नाही. पण तुम्ही पाहुणे म्हणून गेलात ते दुपारी, कोरड्या दिवशी. एकदा जुलैमध्ये रात्री दहानंतर धक्क्यावर येऊन उभे राहा. वारा असला की बोट थांबवतात. ओहोटीला धक्क्याचा उतार निसरडा होतो. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी रात्री छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका पलीकडे उभी, आम्ही अलीकडे, मध्ये बोट यायची वाट बघणं. बांबोळीच्या इस्पितळात वेळेत पोचलो, देवाची कृपा. पण ती पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. तुम्ही निवृत्त आहात म्हणून हे आधी लिहिलं.

विकणारे सांगतात, लवकरच पूल होणार. पुलाच्या गोष्टी मी शाळेत असल्यापासून ऐकतो. रायबंदर-चोडण मार्गावर आता मोठ्या रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या, बोटी आल्या, त्याने बराच फरक पडला हे खरं. पण घर घेताना आज जी वाट आहे तीच धरून चालायचं.

आणि एक विचारतो. तो व्हिला जिथे उभा राहणार ती जमीन भरीव आहे की खाजन?

---

पैलतीर | शनिवार, रात्री १०:२५

धन्यवाद. आईंना आता बरं आहे ना? माझी आई ८४ वर्षांची आहे, तिला घेऊन जायचं माझ्या मनात होतं. हा विचार मी केलाच नव्हता.

जमिनीचं विचारलंत, तर लाल मातीची भर घातलेली दिसली. मागच्या बाजूला शेत आहे, त्यात पाणी होतं.

---

खाजनवाट | शनिवार, रात्री १०:५८

मग नीट ऐका. बाहेरचे लोक खाजनाला पडीक दलदल समजतात म्हणून सविस्तर लिहितो.

आमची ही शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून नदीकडून ती मिळवली. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की नदीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी दारं ढकलून बाहेर जातं. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीतही येणारं कोरगुट भात, आणि मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासळी, सुंगटं म्हणजे कोळंबी. एक बांध, एक मानस, आणि त्यावर अख्ख्या वाड्याची शेतं. कुणा एकाने आपल्या तुकड्यात भर घातली की पाणी शेजाऱ्याच्या शेतात शिरतं. पुढच्या वर्षी त्याचं भात कुजतं, तो शेती सोडतो, आणि मग कुणीतरी म्हणतं की जमीन तर पडीकच होती. आमच्याकडे हे डोळ्यांदेखत झालं आहे.

तुमच्या व्हरांड्यासमोरचं ते सुंदर पाणी कुणाच्या तरी शेतात तुंबलेलं तर नाही ना, तेवढं बघा.

---

कोर्टकचेरी | रविवार, सकाळी ७:४०

मी मडगावात वकिली करते, काम मुख्यतः जमिनींचं. पैलतीर काका, तुमचा चेक वटला असो वा नसो, करारावर सही करू नका. आधी कागद.

सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीपासून, करा. सर्व्हे नंबर आणि पोटविभाग माहीत असला की तो ऑनलाइन काढता येतो, वकिलाचीही गरज नाही. त्यावर भोगवटादाराचं नाव सगळेच बघतात. तुम्ही त्याच्या खालचं बघा. कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का? ‘इतर हक्क’ यात काही लिहिलं आहे का? आणि क्षेत्रफळाची विभागणी कशी आहे? जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड असे वेगवेगळे रकाने असतात. खाजनाखाली आकडा असेल तर वरच्या खाजनवाट यांच्या प्रश्नाचं सरकारी उत्तर तिथेच मिळेल.

कुळाचं नाव असेल तर तिथेच थांबा. १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ मध्ये पाचवी दुरुस्ती झाली आणि कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक मानली गेली. पुढे १९९१ च्या जमीन वापर कायद्याने अशी कुळांकडे गेलेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला मनाई केली. ‘कुळाने लिहून दिलं आहे’, ‘भाटकार (जमीनमालक) आणि कूळ यांच्यात समझोता झाला आहे’ असं सांगतील. कूळ हक्क साध्या कागदावर लिहून सुटत नाहीत. जागेत जुनं लहान घर असेल तर मुंडकाराचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, प्रश्न वेगळा, त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. आणि २०२३ च्या कायद्यानंतर शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध आहेत, म्हणजे बिल्डरने ती केव्हा आणि कोणत्या स्वरूपात घेतली हेही बघायचं.

मग बिल्डरला जमीन विकली कुणी? आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा. वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून विक्रीला दोघांची सही लागते. मालक वारला असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार. बेटांवरच्या जुन्या कुटुंबांतली माणसं लिस्बन, लंडन, टोरांटो अशी पांगलेली असतात. एका भावाने बाकीच्यांच्या मुखत्यारपत्रावर सही केलेली असते आणि त्यातल्या एका बहिणीचं मुखत्यारपत्रच नसतं. ती पंधरा वर्षांनी येते आणि तिचा हक्क खरा असतो. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाली आहे का, वारसाचा दस्त कुठे आहे, विक्रीखतावर किती सह्या आहेत आणि किती हव्यात, हे मोजून घ्या.

दुपारी सीआरझेडबद्दल, म्हणजे समुद्र आणि नदीकाठच्या बांधकामावरच्या निर्बंधांबद्दल, लिहीन.

---

चिरा_कौल | रविवार, सकाळी ९:१५

डिचोलीत बांधकामाचा व्यवसाय करतो. थोडक्यात सांगतो.

खाऱ्या पाण्याजवळ साधी सळई टिकत नाही. काँक्रीटचं आवरण कमी राहिलं तर सात-आठ वर्षांत स्लॅबच्या खालून पापुद्रे पडायला लागतात. रेलिंग कुठल्या प्रतीच्या स्टीलचं आहे विचारा, नदीकाठी ३१६ च हवं. मोठमोठ्या काचा आणि सपाट गच्ची फोटोत छान दिसते. आपला पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. आजोबा-पणजोबांनी उतरतं कौलारू छप्पर आणि खोल व्हरांडा उगाच नाही केला.

भर घातलेल्या जमिनीवर पाया कसा घेतला, माती परीक्षणाचा अहवाल आहे का, तो बघायला मागा. सांडपाणी कुठे जातं तेही. भूजल हाताखालीच असताना साधी सेप्टिक टाकी घातली तर पावसात ती उलटी भरते. अठरा तलावांना गोडं पाणी कुठून आणणार? बेटावर बोअर मारली की खारं लागण्याची भीती, शिवाय बोअरला २००२ च्या भूजल कायद्याखाली परवानगी लागते. टँकर आणायचा तर तोही फेरीबोटीतूनच.

---

हिशेबवही | रविवार, सकाळी ११:३०

म्हापशाला सीए आहे. जमिनीतलं मला कळत नाही, आकड्यांचं सांगतो.

८ टक्के म्हणजे वर्षाला २८ लाख, ३ वर्षांत ८४ लाख. हे पैसे येणार कुठून? तुमच्याच साडेतीन कोटींतून, तुमच्याकडे हप्त्याने परत. त्याच बेटावर, तेवढ्याच आकाराचा, खात्रीची जाहिरात नसलेला व्हिला किती किमतीला जातो ते विचारून बघा, फरक लगेच समजेल. खरा प्रश्न चौथ्या वर्षाचा आहे. तो मांडू.

समजा रात्रीचं भाडं १८ हजार आणि वर्षात १२० रात्री भरल्या. बेटासाठी, पावसाळा धरून, मी १२० सुद्धा उदारपणे धरतो आहे. जमा झाले २१ लाख ६० हजार. बुकिंगचं कमिशन १५ टक्के, म्हणजे ३ लाख २४ हजार गेले. वीज, धुलाई, माणसं, डागडुजी यांना जमेच्या ३५ टक्के, म्हणजे ७ लाख ५६ हजार. उरले १० लाख ८० हजार. त्यातले ४० टक्के चालवणाऱ्या कंपनीचे, ४ लाख ३२ हजार. तुमच्या हाती ६ लाख ४८ हजार. आता देखभाल शुल्क. चौरस फुटाला महिना १८ रुपये धरले तर २६०० फुटांचे वर्षाला ५ लाख ६१ हजार ६००. शिल्लक ८६ हजार ४००, तीही आयकराच्या आधी.

८० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साधारण ८१ हजार. म्हणजे व्हिलाची वर्षभराची कमाई कर्जाच्या एका हप्त्याला कशीबशी पुरते.

कमिशन, खर्च, शुल्क हे आकडे मी अंदाजाने घेतले, तुमच्या करारातले घालून पुन्हा मांडा. पण करारात ‘उत्पन्न’ म्हणजे एकूण जमा की खर्च वजा जाता, हा शब्द कसा लिहिला आहे ते वाचल्याशिवाय ८ टक्क्यांना काही अर्थ नाही. बांधकाम चालू असताना घेतलात तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साडेसतरा लाख वर. भोगवटा दाखला मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही. पाहुण्यांकडून साडेसात हजारांवरच्या भाड्याला १८ टक्के जीएसटी, तो कोण भरणार तेही करारात हवं.

तुमच्या वयाला आणि त्या गाळ्याला धरून मोकळेपणाने सांगायचं तर, गाळ्याचं भाडं दर महिन्याला येतं. ते सोडून हे घेताना शंभरदा विचार करा.

---

बार्देशची_सून | रविवार, दुपारी १:०५

मी अशा प्रकल्पात घेतलेला आहे. बेटावर नव्हे, बार्देशात किनाऱ्याजवळ, पण व्यवस्था हीच. सहा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहिणार नाही.

पहिली दोन वर्षं पैसे वेळेवर आले. तिसऱ्या वर्षी उशीर, मग ‘यंदा नूतनीकरण निधीत वळते केले’ असं पत्र. त्या निधीचं कलम करारात होतं, आम्ही वाचलं नव्हतं. आमचे स्वतःचे ३० दिवस मिळाले ते जून ते सप्टेंबर. नाताळ, नवं वर्ष, होळी, मे महिना हे दिवस मालकांना बंद. माझी मुलं मे महिन्यात आली आणि आम्ही स्वतःच्या घराशेजारच्या हॉटेलात खोली घेऊन राहिलो. त्या रात्री मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सगळ्यात मोठा धक्का विकायला काढल्यावर बसला. घेणाऱ्याच्या बँकेने कर्ज नाकारलं, कारण सनद, म्हणजे जमिनीच्या बिगरशेती वापराची परवानगी, व्यापारी वापराची आणि पंचायतीचा परवाना हॉटेलच्या कॉटेजचा. कागदावर माझं घर हे घर नव्हतंच, हॉटेलातली एक खोली होती. घरपट्टी माझ्या नावावर नाही. पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखालची नोंदणीही कंपनीच्या नावाने. म्हणजे उद्या त्यांच्यापासून वेगळं होऊन मी स्वतः भाड्याने द्यायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून.

काका, तुमच्या पत्नी गप्प आहेत म्हणालात. त्यांच्याशी बसून बोला. आमच्या घरी मीच उत्साहाने घेतलं होतं आणि हे गप्प होते.

---

कोर्टकचेरी | रविवार, दुपारी ३:२०

बार्देशची सून, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. लोक हे बाहेर सांगत नाहीत. तुमच्या करारातलं ते निधीचं कलम मला वैयक्तिक संदेशात पाठवा, काय करता येईल ते बघू.

सकाळचं पुढे. नदीकाठ म्हणजे सीआरझेड. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे भरती-ओहोटीच्या नदीला भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीच्या पात्राची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढा पट्टा. मांडवी त्या भागात चांगली रुंद आहे, म्हणजे १०० मीटर धरा. खाजनाचा त्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा उल्लेख आहे आणि तिथे बांधकाम चालत नाही. गोव्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा २०२२ मध्ये मंजूर झाला, त्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर ठेवून बघा. ‘पाण्याला लागून’ हेच ज्या घराचं मोल, ते पाण्यापासून किती मीटरवर आहे हे बिल्डरकडून लेखी घ्या.

झोनिंगचा दाखला नगरनियोजन खात्याचा घ्या आणि त्यावर जमीन ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ या आराखड्यात मुळात कशी दाखवली होती ते विचारा. वस्तीची होती की नंतर बदलून घेतली? बदल नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झाला असेल तर जास्तच काळजी. त्या कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले. अशा जमिनीवर आयुष्याची पुंजी लावायची नसते.

राहिलं रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा. पत्रकावर क्रमांक छापला आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. रेराच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून त्यात कोणता सर्व्हे नंबर, कोणता पोटविभाग, किती घरं नोंदली आहेत ते ताडून बघा. नोंदणी नसलेल्या टप्प्यातलं घर विकणं तर सोडाच, त्याची जाहिरात करायला किंवा बुकिंग घ्यायलाही कलम ३ ने मनाई आहे. नोंदणी असली तरी नोंदलेल्या कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत.

आणि तुमच्या नावावर नेमकं काय होणार? व्हिलाखालची जमीन, की अठरा जणांत अविभक्त हिस्सा? रस्ता, क्लबहाउस, धक्क्याकडची वाट मालकांच्या संस्थेकडे जाणार की कंपनीकडेच राहणार? वाट कंपनीची राहिली तर तुमच्या घराची किल्ली तुमच्याकडे आणि फाटकाची त्यांच्याकडे.

---

दुबईतला_गोंयकार | रविवार, सायंकाळी ७:४५

आमच्याकडे इथे दर महिन्याला कुणीतरी मालदीव, फुकेत, बाली, मॉरिशसचे व्हिला विकायला येतो. काकांनी तिकडचा विचार करावा का? किंमत जवळजवळ तीच आणि समुद्र खराखुरा निळा.

---

हिशेबवही | रविवार, रात्री ८:३०

मालदीवमध्ये परदेशी माणसाला मिळतो तो दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, व्हिला ३० वर्षांच्या लीजवर. इंडोनेशियातही पूर्ण मालकी त्यांच्याच नागरिकांना. मॉरिशसमध्ये ठरावीक योजनांत परदेशी माणूस मालकीने घेऊ शकतो आणि ३ लाख ७५ हजार डॉलरवरच्या खरेदीला निवासाचा परवाना मिळतो. पण भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, आणि १० लाख रुपयांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, आधी कापला जातो, तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो. काकांचा प्रश्न निळ्या समुद्राचा नाही असं मला वाटतं. त्यांना ती टेकडी दिसायला हवी आहे.

---

पैलतीर | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस काय केलं ते लिहितो.

रविवारी रात्रीच मुलाने बंगळुरातून उतारा काढून पाठवला. आमच्या व्हिलाचा पोटविभाग वेगळा निघाला. रेराच्या संकेतस्थळावर त्यांचा क्रमांक घातला, त्यात पोटविभाग १ आणि सहा घरं नोंदलेली. मला दाखवलेला व्हिला अकरावा, पोटविभाग २ मध्ये. त्याची नोंदणीच नाही. पोटविभाग २ च्या उताऱ्यावर निम्म्याहून जास्त क्षेत्र खाजनाच्या रकान्यात, आणि कुळाच्या रकान्यात एक नाव.

काल सकाळी मी आणि पत्नी फेरीबोटीने गेलो, कंपनीला न कळवता. त्यांची गाडी नव्हती, चालतच गेलो. प्रकल्पाच्या मागच्या बांधावर एक वृद्ध गृहस्थ कुदळ घेऊन माती ओढत होते. विचारलं तर उताऱ्यावरचं नाव त्यांच्या वडिलांचं. पासष्ट साली इथे आम्हीच भात लावत होतो, म्हणाले. मामलेदाराकडे प्रकरण चालू आहे, तारखेला मुलगा जातो. भर घातल्यापासून उरलेल्या तुकड्यातलं पाणी ओहोटीलाही उतरत नाही. बोलताना त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. हिला बसायला त्यांनी स्वतःचं गोणपाट अंथरून दिलं आणि शहाळं फोडलं. आम्ही त्यांच्याच शेतावरचं घर घ्यायला आलो होतो, हे मी त्यांना सांगितलं. सांगितल्याशिवाय ते शहाळं पिणं मला जमलं नसतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, तुम्ही विचारायला तरी आलात.

परतताना बोटीत पत्नी म्हणाली, ‘तुम्हाला बाबांची जागा हवी होती. ती दुसऱ्या कुणाच्या बाबांची जागा घेऊन कशी मिळेल?’ दोन महिने ती याच्यासाठी गप्प होती असं नाही, तिलाही हे कालच कळलं. पण तिला जे खटकत होतं ते हेच असावं.

आज कार्यालयात जाऊन चेक परत मागितला. अजून भरलेला नव्हता. आधी म्हणाले, दुसऱ्या टप्प्याची नोंदणी आठवड्याभरात होईल, कुळाचं ‘मिटवलेलं’ आहे. मी कलम ३ चा उल्लेख केला आणि मिटवल्याचा कागद मागितला. कागद आला नाही, चेक मात्र परत मिळाला. कोर्टकचेरी ताई, तुमच्यामुळे.

---

कोर्टकचेरी | मंगळवार, रात्री ९:५५

चेक मिळाला हे ऐकून जिवात जीव आला. त्या गृहस्थांना सांगा, त्यांच्या भागातल्या बांधकामाचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि भर घातल्याची तक्रार किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे वेगळी द्या, मामलेदाराकडच्या निकालाची वाट बघत बसू नका. वकील नसेल तर माझा क्रमांक तुमच्याकडे वैयक्तिक संदेशात पाठवते. फी नको.

---

खाजनवाट | मंगळवार, रात्री १०:२०

काका, पोटात कालवलं वाचून. त्या बांधावर यायला आम्ही आठ-दहा जण तयार आहोत. ओहोटी बघून एका रविवारी जाऊ आणि मानशीच्या तोंडाशी गाळ साचला असेल तर काढून देऊ. पाणी थोडं तरी उतरेल.

---

बार्देशची_सून | बुधवार, सकाळी ८:१०

पैलतीर काका, आता दुसरं काही बघणार आहात का? आणि तो उतारा इथे टाकाल? कुठला रकाना कुठे असतो हे माझ्यासारख्यांना दिसेल.

---

पैलतीर | बुधवार, सकाळी ९:०५

टाकतो. नावं आणि सर्व्हे नंबर झाकून, कुळाच्या आणि खाजनाच्या रकान्याभोवती लाल गोल करून आज संध्याकाळी चढवतो.

दुसरं घर सध्या नाही. गाळा ठेवला आहे. येत्या सोमवारी आईला घेऊन आधी नार्व्याला देवळात जाऊ, मग तिथूनच दिवाडीच्या फेरीबोटीत बसू. तिने तो काठ अजून पाहिलेला नाही. खाजनवाट, रविवारची ओहोटी किती वाजताची ते बघून कळवा. घमेली मी घेऊन येईन.